वरच्या बांधावरचं झाड

परगावच्या व्यापाऱ्यानं कॉफीच्या दुकानात विचारलं, "तुमची मस्तकी पोटातल्या अल्सरवर खरंच चालते का?"

मी म्हणालो, "इसिदोरोसकाकांना विचारा. मस्तकीतलं त्यांच्याइतकं आख्ख्या खिओस बेटावर कुणाला कळत नाही. आणि अल्सर तर त्यांना कित्येक वर्षांपासून आहे."

व्यापाऱ्यानं टोपी उचलली आणि वाट धरली.

काकांचं दुखणं गावाला ठाऊक होतं, पण ते गावातच ठेवायचं असतं. मस्तकी म्हणजे झाडाच्या सालीला चिरा दिल्यावर गळणारा डिंक; काका तो विकत, खात नसत. चांगला माल घरच्यानं खायचा नसतो, हे त्यांचं तत्त्व. आता मात्र गावाच्या अब्रूसाठी त्यांनी बरं होणं भाग होतं. शेजारच्या लेमोनियामावशींनी वाटीभर मस्तकी पुढे केली.

"रोज अनशापोटी चमचाभर पूड पाण्यातून घ्या."

"तुझ्या झाडाची? आणि बरा झालो तर?"

"तर बरे व्हाल."

"म्हणजे जन्मभर तुझ्या झाडाचं नाव घ्यायचं. त्यापेक्षा दुखू दे."

चिरा देण्याचे दिवस आले. काकांना वाकवत नव्हतं, म्हणून शिक्षा मला झाली. मी झाडांखालचा केर काढला, थेंब झेलायला पांढरी माती पसरली, रांगत रांगत चिरा दिल्या. काका पोट धरून दगडावर बसत आणि म्हणत, "झाड आहे ते, बोकड नव्हे. हलक्या हातानं."

थेंब गळले, पण वाळेनात. इकडे काकांना पावसुद्धा गिळवेना. शेवटी मी मावशींकडून ओंजळभर जुनी मस्तकी आणली, मातीत लोळवली आणि काकांपुढे ठेवली.

"तुमच्याच वरच्या बांधावरच्या झाडाची. लवकर वाळली."

काकांनी एक थेंब दाताखाली धरून डोळे मिटले. "वाटलंच. त्या झाडाची चवच निराळी."

पूड सुरू झाली. डॉक्टरच्या गोळ्याही चालू होत्या. त्या आपण डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून घेतो, असं काका सांगत. द्राक्षं उतरली तेव्हा ते तळलेली वांगी खाऊन दुकानात आले. पुढे तो व्यापारी पुन्हा आला, तर त्याला हाताला धरून वरच्या बांधावर घेऊन गेले.

मावशींची ओंजळभर मस्तकी तेवढी फेडायची राहिली. परवा नवा माल घेऊन त्यांच्या परसदारी गेलो.

"इथं नको रे," मावशी म्हणाल्या. "दुकानात आणून दे, सगळ्यांसमोर. इसिदोरोसही असू देत."

मी पिशवी घरी परत आणली.