टकल्याचे कान

आमच्या मांजराच्या अंगावर एकही केस नव्हता. बडनेऱ्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एका साध्यासुध्या मांजरीला चार पिल्लं झाली. तीन केसाळ, आणि चौथं सोललेल्या बटाट्यासारखं. माझ्या बायकोनं, कुसुमनं, त्याचं नाव टकल्या ठेवलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. मी त्याच्याकडे नुसता थक्क होऊन बघत बसे.

त्याचे कान पळसाच्या पानाएवढे (माझा अंदाज नेहमी थोडा जास्तच असतो). पण कानांत केस नाहीत, म्हणजे दाराला पडदाच नाही. समोरच्या यार्डातल्या इंजिनांची काजळी थेट आत जाई. एके दिवशी टकल्या मान झटकत तिरका चालायला लागला आणि हाक मारली तरी वळेना.

"बहिरा तं नाई झाला ना हो हा?" कुसुमनं त्याला उचलून घेतलं.

"मी हाये ना," मी म्हणालो.

आमच्या घराण्यात कानाला एकच इलाज, लसूण घालून कोमट केलेलं तेल. मी स्टोव्ह पेटवला. कुसुम मागून काहीतरी बोलत होती, मी "हो, हो" म्हणत राहिलो (लग्नाला सहा वर्षं झाली होती). पहिला थेंब पडताच टकल्यानं उसळी मारली आणि वाटी त्याच्याच अंगावर उलटली. बिनकेसाचं मांजर तेल लागल्यावर धरता येत नाही, हे ज्ञान मला तेव्हा झालं. तो हातातून साबणासारखा सटकला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पडला आणि पांढराशुभ्र होऊन पलंगाखाली शिरला. तिथून असा रडू लागला की कुसुमनं डोळ्यांना पदर लावला. मला माझीच लाज वाटली.

मी धावत स्टेशनबाहेर गेलो. तिथे करीमचाचा लोकांचे कान साफ करत बसत.

"चाचा, कान पाहाचे हायेत."

"बसा."

"माझे नाई. मांजराचे."

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पेटी उचलली.

घरी आल्यावर त्यांनी टकल्याला पलंगाखालून काढून कुसुमच्या मांडीवर बसवलं. पेटीतली कान कोरायची सळई काढलीच नाही. "जनावराच्या कानात सळई नाई घालत, बाबू. आन् तेल तं बिलकुल नाई." मऊ फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलं, बोटाला गुंडाळलं आणि कानाची दिसते तेवढीच घडी हलक्या हातानं पुसली. फडकं काळं होत गेलं. टकल्यानं डोळे मिटले आणि घुरघुर सुरू केली. माणसाच्या एका बोटात एवढी माया असते हे मला माहीतच नव्हतं.

"आठ दिवसाले एकदा असंच पुसत जा, बेटी," चाचा म्हणाले.

"टकल्या," कुसुमनं अगदी हळू हाक मारली. त्याचा कान वळला, मग मान वळली. ती हसली तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

"आता तुमी बसा," चाचा मला म्हणाले.

"मले काय झालं?"

"बसा तं."

आता सळई निघाली. माझ्या कानांतून जे निघालं ते पाहून टकल्यासुद्धा सरकून बसला. मग एकाएकी यार्डातलं इंजिन, अंगणातल्या चिमण्या, सगळं लख्ख ऐकू यायला लागलं. आणि पाठीमागून कुसुमचा शांत आवाज:

"तेल घालू नका म्हून तुमाले तीनदा सांगतलं होतं. घरात बहिरं कोन हाये ते आज समजलं."