सरांचा डबा

अकोल्याच्या आमच्या शाळेत फुटबॉलचे सर सरावाआधी पोरांच्या तोंडाचा वास घ्यायचे. रांगेत उभं करून "हा कर" म्हणायचे. खर्रा खाणारा मैदानाबाहेर! पन्नीत घोटलेली ती तंबाखू-सुपारी दहावीतल्या निम्म्या गालांत असायचीच.

मी खात नव्हतो, खरंच. पण आमच्याकडे पाहुण्याला चहा झाला की खर्रा लागतो, आणि तो आणायला घरचं पोरगंच धावतं. मामासाठी आणलेली एक पुडी माझ्या बॅगेत राहिली आणि नेमकी सरांनी बॅग झाडली. अमरावतीच्या विभागीय सामन्यातून मला काढलं.

"मामाची हाय सर!"

"सगळ्याईच्या मामाचीच असते."

माझं डोकंच फिरलं. मग मीही त्यांच्यावर डोळा ठेवला. हा माणूस दात आवळून का बोलतो? चहा पाठ फिरवून का पितो? पोरांसोबत एकदाही का जेवत नाही? स्वतःच गालात धरत असणार लेकाचा!

अमरावतीला मला राखीव म्हणून नेलं, म्हणजे नुसतं बसायला. सामन्याआधी सगळे जेवायला बसले आणि सर डबा घेऊन मैदानामागच्या खोलीत गेले. आज रंगेहाथ धरतोच, म्हणत मी मागोमाग गेलो आणि दार ढकललं.

सर वरणात पोळी कुस्करत होते. पार लापशी केली होती. चिमूटभर घ्यायचे आणि दातांच्या फटीतून बोटानं आत ढकलायचे. तोंड तेवढंच उघडत होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सर म्हणाले, "ये. तीन बोटं उभी टाक तोंडात."

टाकली. आरामात गेली. आजही सकाळी दात घासले की टाकून पाहतो, बायको हसते.

"माह्यं एकच जाते. खर्र्यानं आखडलं. डॉक्टर म्हणते, आता इतकंच."

"सर, मंग मी खेळू?"

"नाही. पुडी तुह्याच बॅगेत होती."

असा राग आला! रडूही येत होतं. म्हटलं, "मंग हे आमाले पयलेच काहून नाही दाखवलं?"

"दाखवलं असतं, त मले कोणी सर म्हटलं असतं?"

मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि त्यांचं जेवण होईपर्यंत दाराला पाठ लावून उभा राहिलो. कोणालाही आत जाऊ दिलं नाही.