नवरदेव पोचला

चिंचेनं झांजा घासायला बसलो, की तो आंबट वास मला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या हॉलमध्ये नेऊन सोडतो. धुळ्यात मी लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचो आणि तेवढ्याच भांडवलावर भुसावळच्या जॅझ मंडळींत घुसलो होतो. सॅक्सोफोनवाले नाना जन्मभर मालगाडी चालवून निवृत्त झालेले, बेसवर साक्रीकडचे शाळामास्तर, ट्रंपेटवर चर्चमध्ये शिकलेला फिटर. त्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी मी झांजा अशाच चिंचेनं घासून नेल्या होत्या; जमलं तर मला कायमचं घेणार, असं ठरलेलं. ट्रंपेट ऐन रंगात असताना नानांनी घसरलेला चष्मा सावरायला हात वर केला. आता वरातीत बँडमास्तरचा हात वर गेला, म्हणजे नवरदेव मांडवात पोचला. दणका देऊन थांबायचं. मी दिला दणका आणि थांबलो! दचकून बाकीचेही थांबले. त्या शांततेत बेसवाले मास्तर त्यांच्या अहिराणीत कुजबुजले, "नवरदेव पोचना का, भाऊ?" मला स्टेजखाली शिरावंसं वाटलं. तेवढ्यात नानांनी एकट्यानं खालचा सूर धरला, लांबलचक, चढावर भरलेली मालगाडी हळूहळू हलवावी तसा, आणि डोळ्यांनीच मला बोलावलं. मी हलकेच ठेका धरला, बाकीचे मागोमाग निघाले, हॉलमध्ये टाळ्याच टाळ्या. नंतर माफी मागायला गेलो, तर नाना म्हणाले, "पुढच्या वेळीही तिथंच थांब. फक्त आधी सांग, म्हणजे मी श्वास भरून ठेवतो." आजही आम्ही तिथंच थांबतो, रसिक त्याला आमची खास शैली म्हणतात, आणि मी बापडा नम्रपणे मान खाली घालतो.