जाळीवरचा गिलावा

पोपटकाका रोज सकाळी दगडी बंगल्याच्या भिंती वाजवून बघायचे. बोट दुमडून टकटक करत एका खोलीतून दुसरीत जायचे. आवाज पोकळ आला की तिथला गिलावा सुटायला लागलाय, असं समजायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हाही त्यांचं हेच चाललं होतं. खांद्यावरची शिडी सांभाळत मी दारात उभी राहिले.

“नेटवाला कवा येनार हाय?” त्यांनी विचारलं.

“मीच आहे काका. संजना. शिळफाट्याहून आलेय.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंग शिडी आदी खाली ठेव गं बाय. चौकटीला घासते ती.”

हा बंगला चौकच्या पुढे, जुन्या हायवेपासून थोडा आत आहे. घाट चढायच्या आधी मुक्कामाला म्हणून कुणा व्यापाऱ्याने तो बांधला होता. आता तो एका ट्रस्टकडे आहे. डॉक्टर, बँकवाले, कंपन्यांचे लोक तिथे परिषदा घेतात. मोठी भाषणं दिवाणखान्यात होतात. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत, तिथे लहान बैठका आणि मुक्काम. पोपट ठोंबरे तिथले रखवालदार. पण झाडांना पाणी, मोटर, कुलपं, गळती, सगळं त्यांच्याच अंगावर. ते आणि सोनुकाकी स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहायचे.

गावात त्यांचं घर होतं. पुतण्यांनी ते पाडून दुमजली बांधलं, आणि नव्या घरात काकांची खोली कुणी काढलीच नाही. काका भांडले नाहीत. “मला बंगला हाय ना,” म्हणाले. त्यामुळे बंगला गेला तर जायचं कुठे, हा प्रश्न त्या दोघांसमोर उघडाच होता. मुलगी नम्रता खालापूरला दोन खोल्यांत, तिथे तिचे सासू-सासरे.

ट्रस्टच्या व्यवस्थापक माधवी मॅडम यांनी मला काम समजावून सांगितलं, तेव्हा काका शेजारीच उभे होते.

“नेट नाही म्हणून लोक परत जातायत,” मॅडम म्हणाल्या. “विश्वस्तांचं ठरलंय. डॉक्टरांची परिषद नीट झाली तर ठीक. नाहीतर बंगला लग्नाच्या कंत्राटदाराला चालवायला देणार. तो आपली माणसं घेऊन येतो.” हे बोलताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. “आणि एक. दगडाला भोक नको आणि भिंतीवर वायर दिसायला नको. लोक जुन्या भिंतीच बघायला येतात.”

मला वाटलं, जमेल. दिवाणखान्यात आणि बोळात, जुन्या लाकडी तुळयांच्या मागे लपवून, सिग्नल देणाऱ्या पांढऱ्या थाळ्या बसवायच्या. खोल्यांच्या बोळाकडच्या भिंती दगडाच्या नव्हत्या, एका विटेच्या होत्या. एवढी भिंत सिग्नल सहज पार करतो. कॉलेजात शिकलेलं पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या गावाकडे कामाला येत होतं, आणि मी खूश होते. काका शिडी धरून उभे राहायचे. “ह्ये लागलं की आमी ऱ्हातो ना गं हितं?” एकदा त्यांनी हळूच विचारलं. मी “हो” म्हणाले. कसल्या भरवशावर, कुणास ठाऊक.

थाळ्या लागल्या. दिवाणखान्यात नेट सुसाट. बोळातही. खोलीत पाऊल टाकलं की मोबाइलवरच्या रेघा एकेक करत जायच्या आणि दारापासून बाजूला सरकलं की संपायचं. मी थाळ्यांची जागा बदलली, ताकद वाढवली. फरक नाही. गंमत म्हणजे बोळाच्या टोकाला अडगळीची एक खोली होती, तिथे छान सिग्नल येत होता. तीच वीट, तेवढीच जाडी. तिथला गिलावा तेवढा काळपट, जुना होता. बाकी खोल्यांचा पांढरा आणि सपाट.

मी एका खोलीत गुडघ्यावर बसून खालचा टवका उडालेला कोपरा पाहिला. आत तारेची षटकोनी घरं दिसली.

“काका, ह्या भिंतीत जाळी आहे?”

“हाय तर!” काकांचा चेहरा उजळला. “आडगळीची सोडून समद्या खोल्यांत हाय. माजी सोताची.”

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांची कोंबड्यांची शेड होती. रोग आला, कोंबड्या गेल्या, शेड रिकामी पडली. पुढे मोठं चक्रीवादळ झालं, बंगल्याचे पत्रे उडाले, पाऊस आत शिरून खोल्यांचा गिलावा ढासळला. गवंडी म्हणाला, नुसता चुना धरायचा नाही. काकांनी शेडची जाळी सोडवून आणली, भिंतींना खिळ्यांनी ताणून बसवली आणि तिच्यावर गिलावा चढवून घेतला. “तवापासून एक खपला पडला नाय. वाजवून बग.”

मी वाजवून बघितलं. आवाज भरीव आला. मग मला सांगावंच लागलं.

“काका, जाळीमुळेच सिग्नल आत येत नाही.”

ते हसले. “येडी का गं तू? जाळीला भोकं असत्यात. वारा जातो, उजेड जातो. तुजा सिग्नल काय कोंबडीएवडा हाय, अडकून बसायला?”

“तसंच समजा. त्याच्या लाटा बोटभर, वीतभर लांब असतात. तुमच्या जाळीची भोकं त्याहून बारीक.”

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र भिंतीवर फिरत राहिले. सोनुकाकी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आपल्याच शेडची जाळी नडली? आन् तुमी कुनाला इचारलंत लावताना?”

“कुनाला इचारायचं? इमारत पडत व्हती.”

मी मॅडमना फोन केला. प्रत्येक खोलीत वेगळी वायर नेऊ द्या, दारावरून, लाकडाच्या रंगाची, म्हणून विनवलं. त्यांनी विश्वस्तांना विचारलं. उत्तर आलं, वायर दिसता कामा नये, आधीच सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा बोळात पांढरी धूळ तरंगत होती. पहिल्या खोलीची बोळाकडची भिंत काकांनी छन्नी-हातोडीने फोडायला घेतली होती. जाळी ओढून काढताना खालच्या विटांचे कोपरेही निघत होते. हातातून रक्त येत होतं.

“काका, थांबा! हे काय करताय?”

“काडतोय. माजीच हाय ना? लावली तशी काडतो. आता बग येतो का तुजा सिग्नल.”

“असं नाही काका, भिंत जाईल.”

“आदी बग तर!”

मी आत जाऊन मोबाइल वर धरला. सिग्नल येत होता. पूर्ण. इतक्या चांगल्या सिग्नलचं मला कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. काकांनी सिग्नल आल्याचं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि आनंदाने दुसऱ्या खोलीच्या भिंतीवर छन्नी टेकवली. मी ती हातातून काढून घेतली. त्यांनी ती परत घेतली. सोनुकाकी मध्ये पडल्या. “अवो, ऐका की पोरीचं.” तेवढ्यात पहिल्या खोलीच्या फोडलेल्या भिंतीतून वरची विटांची एक ओळ सुटली आणि दारावरची जुनी कोरीव पट्टी मधोमध चिरली.

दुपारी मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर एक विश्वस्त होते. कुणी ओरडलं नाही. विश्वस्तांनी मोबाइलवर फोटो काढले. काका त्यांना सांगत होते, “हितं आता नेट येतंय सायेब. ह्या पोरीला इचारा. समद्या खोल्या आशाच करून देतो. वर चुना मीच मारीन.” विश्वस्त म्हणाले, “बरं.” ते कशाला बरं म्हणाले, हे काकांना त्या संध्याकाळी मॅडमच्या फोनवरून कळलं. बंगला कंत्राटदाराला जाणार होता, मागची खोली रिकामी करायची होती.

डॉक्टरांची परिषद लोणावळ्याला गेली. कंत्राटदाराने बंगला ताब्यात घेतला तेव्हा मी माझ्या थाळ्या काढायला गेले होते. त्याच्या माणसांनी तोवर बोळभर प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकून खोल्याखोल्यांत वायरी नेल्या होत्या. दगडालाही भोकं पाडली होती. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मागच्या दाराशी टेंपो उभा होता. दोन ट्रंका, गोधड्या, गॅसची शेगडी, पिंप. काका ड्रायव्हरशेजारी बसले, काकी त्यांच्या पलीकडे.

“कुठं सोडायचं काका?” ड्रायव्हरने विचारलं.

“खालापूर.”

“खालापुरात कुठं?”

काकांनी काकीकडे पाहिलं. नम्रताने मागच्याच वर्षी घर बदललं होतं. दोघंही तिथे गेली नव्हती. काकींकडून नंबर घेऊन मी नम्रताला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. परत लावला. टेंपोचं इंजिन चालूच होतं.

“तू चल,” काका ड्रायव्हरला म्हणाले. “चल तर खरं. फुडं बगू.”