बैलाच्या पायावरची बोरमाळ

लाइटबिल आलं की आमची धाकटी आधी हसायची. धाकटी म्हणजे माझी जाऊ. बिलाचा कागद दारातच उभ्यानं वाचायची, आकडा बघून खुदकन हसायची आणि भिंतीपलीकडून मला हाक मारायची, "आक्का, ह्या म्हयन्यात आमी कारखाना काढला व्हता का काय?" माझं बिल तिच्या निम्म्यानं असायचं आणि दुसऱ्याच दिवशी भरलेलं असायचं. पण ते बघून मला कधी हसू आलं नाही. तिच्या हसण्याचा मला राग यायचा. राग कसला, हेवाच तो.

ती डिंभ्याकडची, धरणाच्या काठावरची. राजुरीत आमच्या बागायती घरात नांदायला आली तेव्हा आम्ही बायकांनी नाकं मुरडली होती. तिच्या वाट्याला आले आमचे भाऊजी. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आत नवी तार गुंडाळायची आणि चालू करून द्यायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. त्या कामात भाऊजींचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पण आलेला पैसा घरापर्यंत पोचायचाच नाही. धाकटीनं वर्षभर बघितलं आणि एक दिवस दुकानाच्या भिंतीवरचा पैसे घ्यायचा स्कॅनर काढून स्वतःच्या खात्याचा चिकटवला. भाऊजी गिऱ्हाइकांना खुशाल सांगायचे, "मोटार माझ्याकडं द्या, पैसं मालकिणीला." त्यात त्यांना कमीपणा वाटू नये एवढी काळजी तिनं कशी घेतली, हे मला आजवर उमगलेलं नाही.

तरी त्यांनी एकदा कहर केलाच. बैलगाड्यांच्या शर्यतीचं वेड जुन्नर-आंबेगावात घरटी एकाला तरी असतंच. भाऊजींनी शर्यतीच्या एका बैलात चार आणे भागी, म्हणजे पाव हिस्सा घेतला आणि त्यापायी धाकटीची बोरमाळ तिला न विचारता पतसंस्थेत गहाण ठेवली. ती बोरमाळ तिच्या आईनं मासे विकून केलेली. आता भांडण होणार म्हणून मी ओसरीवर कान टवकारून बसले. धाकटी म्हणाली, "चला, बैल तरी दाखवा. चारातल्या कोणत्या पायावर माझी बोरमाळ हाय ती बघू द्या."

दोघं गोठ्यावरून परत आले ते हसतच.

"धाकटे, तुला राग येत न्हाई गं?" मी विचारलं.

"येतो की आक्का. पातेल्यांवर काढते. बघा, कशी चकाकत्यात." तिचे डोळे मात्र लाल होते.

आता माझ्या घरातलं सांगते. आमचे हेही तिच्या नवऱ्याचेच थोरले भाऊ. डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर. हॉटेलात बसले की सगळ्या टेबलांचा चहा ह्यांच्याकडून. एकदा मी तडक हॉटेलात गेले आणि दहा माणसांदेखत ह्यांच्या खिशातलं पाकीट काढून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या घरात एक रुपया वायफळ गेला नाही. हे पगार आणून मुकाट माझ्यापुढे ठेवायचे आणि भिंतीपलीकडचं हसणं ऐकत बसायचे. एकदा आपणहून म्हणाले, "धाकटी बरी सांभाळती त्याला." मला मिरच्या झोंबल्या.

बोरमाळ सोडवायची मुदत होती महिनाअखेरपर्यंत, नाहीतर लिलाव. धाकटीनं दिवाळीची साडीसुद्धा घेतली नव्हती; पै-पै करून रक्कम जमवत आणली होती. तेवढ्यात गावची यात्रा आली. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडे पळत होते आणि भोंग्यावरचा आवाज थेट आमच्या चुलीपर्यंत येत होता. अचानक भाऊजींचं नाव कानावर आलं. पहिल्या नंबरच्या गाड्याला त्यांच्याकडून पाच हजार एक रुपये बक्षीस! भोंग्यावर आपलं नाव वाजणार म्हटलं की त्यांचं भान सुटायचं. भाकरी थापता थापता धाकटीचा हात थांबला. एवढे पैसे गेले तर बोरमाळ गेली, हे तिलाही कळलं आणि मलाही.

मला आनंद झाला. लपवून काय करू? त्याच संध्याकाळी यात्रा कमिटीच्या माणसाला गाठून मीच सांगितलं, "बक्षिसाचे पैसे न्यायला सकाळी लवकर या, भाऊजी घरीच सापडतील." ती चारचौघांत नवऱ्याला कशी झाडते, ते मला एकदा बघायचंच होतं.

सकाळी कमिटीचे दोघं आले. भाऊजी खांबाआड उभे. धाकटीनं आधी चहा दिला.

"बोललं ते द्यायचंच, भाऊ," ती म्हणाली. "पर रोख न्हाई. तुमची यात्रेच्या विहिरीवरची मोटार जळून पडलीय नव्हं? भरायला बाहेर सात हजार घेत्याल. ह्ये भरून देत्यात. तार दुकानात हाय."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. यात्रा अजून दोन दिवस चालायची होती आणि पाण्याचा टँकर परवडत नव्हता.

"चालंल की वैनी," एकजण म्हणाला.

"मग एक करा. पाणी सुरू झालं की भोंग्यावर ह्यांचं नाव तीनदा घ्या."

भाऊजी दिवसभर त्या मोटारीपुढून जेवायलाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटार चालू होऊन पाणी आलं आणि नाव वाजलं, तीनदा. धाकटी पिठाच्या हातानं दारात येऊन ऐकत होती. महिनाअखेरीस बोरमाळ तिच्या गळ्यात आली, आणि त्या दिवशी माझ्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

पुढं भाऊजींनी बैलातली भागी आपणहून मोडली आणि मंचरला मोठं दुकान घेतलं. टेम्पो भरून झाल्यावर धाकटी माझ्या पाया पडली. जाताना हळूच म्हणाली, "आक्का, दादांना यात्रेला धाडत जा की कधीतरी." मी वरवर हो म्हटलं. मनातून जळफळाट झाला. माझ्या नवऱ्याला काय हवं, ते हिनं मला सांगावं?

यंदाच्या यात्रेला मात्र मी ह्यांच्या हातात पाचशेची नोट ठेवली. "जा, गाडे बघून या," म्हटलं. ते नोटेकडं बघतच राहिले. मग गेले.

दिवस मावळायच्या आत परत आले. खिशातून चारशे ऐंशी रुपये काढून त्यांनी माझ्यापुढे नीट मांडले.

"दोन कप चहा झाला," ते म्हणाले. "दोन्ही मीच प्यालो. दुसऱ्या कुणाला पाजला न्हाई."

मी काहीच विचारलं नव्हतं.