नीलगिरीची बाटली

त्या वळवाच्या पावसानं माझ्या कारखान्याचे अकरा पत्रे उडवले. दहा गल्लीतच सापडले. अकरावा थेट हातकणंगल्याच्या स्टेशनात जाऊन फलाटावर गाडीची वाट बघत उभा होता, असं मी निदान चाळीस लोकांना सांगितलं आणि त्यातल्या दोघांनी तो पाहिल्याचंही कबूल केलं. कोल्हापुरात पस्तीस वर्षं पेंटर म्हणून काढायची तर हाताच्या बरोबरीनं जीभही चालावी लागते. एका दूध डेअरीच्या भिंतीवर मी म्हैस काढली होती, तिच्यापुढं एक म्हातारा रोज सकाळी बादली घेऊन बसायचा. हेही खरं आहे. म्हणजे म्हैस खरी आहे.

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. छप्पर गेल्यावर तिथले रंग, कॅनव्हास, डबे, ट्रंक, सगळं पुढच्या खोलीत आणून कोंबलं. त्या खोलीत बायको झोपायची, आणि तिला दमा आहे.

डॉक्टरीणबाईंनी थंडीतच बजावलं होतं, की टर्पेंटाइनचा वास यांच्या छातीला झेपणार नाही, घरात थेंबही नको. लेकीनं पुण्याहून फोनवर निकाल दिला, "बाबा, दोघं इकडंच या राहायला. एक खोली तुमचीच आहे. फक्त तुमचे ते तेलाचे रंग नकोत." मी हो म्हणालो. मी सगळ्यांनाच हो म्हणतो. बायकोनं त्याच दिवसापासून भांडी खोक्यात भरायला घेतली.

पण शाहूवाडीकडच्या एका शेतकऱ्याच्या आईचं तैलचित्र माझ्याकडं होतं. म्हातारी गेल्याला दिवाळीनंतर वर्ष होणार, वर्षश्राद्धाला ती भिंतीवर हवी होती. लुगडं झालं होतं, नथ झाली होती, कपाळावरचं गोंदण झालं होतं. डोळे राहिले होते. डोळे मी शेवटी करतो, आणि ते करताना रंग इतका पातळ लागतो की टर्पेंटाइनशिवाय ब्रश पुढं सरकत नाही.

मग मी डोकं चालवलं. बायकोला सांगितलं, आता फक्त पाण्याचे रंग. पुरावा म्हणून खिडकीत पाण्याचा पेला आणि त्यात दोन ब्रश ठेवले. रोज सकाळी उठून ते पाणी इमानेइतबारे गढूळ करायचो. आणि टर्पेंटाइन? तिच्या वाफाऱ्याची नीलगिरीची बाटली संपली होती, ती धुतली आणि तिच्यात भरलं. नीलगिरीवर कोण संशय घेणार? बाटली कारखान्यातल्या ट्रंकेत, कुलपात. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो की ही गोष्ट कुणाला सांगता येत नाही याचंच दुःख व्हायचं.

वळवाच्या धांदलीत ती ट्रंक पुढच्या खोलीत आली. भिजलेली चित्रं बाहेर काढताना बाटली मीच उचलून खिडकीत ठेवली असणार. आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शिडीवर चढून कारखान्यावर ताडपत्री बांधत होतो. पावसात सामान हलवून बायकोला सर्दी झाली होती. स्वयंपाकघरात पातेलं वाजलं. थोड्या वेळानं खोकला ऐकू आला. तिचा खोकला मला पाठ आहे, पण हा वर वर चढत गेला आणि मधेच तुटला. पुढचा आलाच नाही.

मी शिडीवरून कसा उतरलो ते आजही सांगता येत नाही.

ती कॉटवर बसली होती, दोन्ही हातांनी कड धरून. टॉवेल खांद्यावरून घसरलेला. पुढ्यात वाफाळतं पातेलं, आणि पातेल्याशेजारी उघडी नीलगिरीची बाटली. श्वास आत ओढताना तिच्या गळ्याखाली खळगा पडत होता आणि बाहेर नुसती शिट्टी येत होती. मी पातेलं अंगणात भिरकावलं, खिडक्या उघडल्या, तिच्या तोंडात पंप धरला. एकदा. दोनदा. काही फरक पडेना. ओठांत निळा उतरायला लागला होता. चेहऱ्यात कुठं कुठला रंग भरायचा यावर मी पोट भरलं. हा निळा मी कधी कुणाच्या ओठांत भरला नव्हता.

समोरचा रिक्षावाला झाडाखाली मागच्या सीटवर पाय बाहेर काढून पडला होता.

"रिक्षा काढ! हिला श्वास येईना!"

त्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "व्हय की. परवा तुमच्या भिंतीवरच्या म्हशीला पण येईना झालता."

"अरे, खरं सांगतोय!"

"पत्रा पण खराच गेलता की हातकणंगल्याला. तिकीट काढलतं का त्यानं, मामा?"

मी तोंड उघडलं. आतून काहीच येईना. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ शब्द नव्हता. मी तसाच उघड्या तोंडानं त्याच्यापुढं उभा राहिलो. बहुतेक ती शांतताच त्याला विचित्र वाटली असावी. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आयला," आणि माझ्या आधी तोच घरात पळाला.

रस्त्यात तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. प्रत्येक श्वासाला ती जास्त रुतायची आणि मला बरं वाटायचं, कारण मधेच ती सैल पडत होती.

दवाखान्यात तिला मास्क लावला, सुई टोचली. डॉक्टरीणबाई वळल्या. "असं एकदम कशानं झालं? वाफेत काय टाकलं होतं?"

"नीलगिरी," मी म्हणालो. जीभ सवयीनं आधी पळाली.

"किती?"

"टोपणभर असेल."

त्या थांबल्या. "नीलगिरीच होती ना? नक्की सांगा, मला त्याप्रमाणे बघायचंय."

दारात रिक्षावाला उभा होता. मास्कमागून बायको माझ्याकडंच बघत होती. आत एक खरपूस, तयार गोष्ट होती माझ्याकडं: बाटली जुनी होती, दुकानदारानं भेसळ केली असेल, वळवात काहीतरी मिसळलं असेल.

"टर्पेंटाइन होतं," मी म्हणालो. "नीलगिरीच्या बाटलीत मी भरलं होतं. लपवायला."

बाईंनी नर्सला भराभर काहीतरी सांगितलं आणि मला बाहेर काढलं. बाकावर रिक्षावाला शेजारी येऊन बसला.

"मामा, हे पण...?"

"हे खरं आहे."

"व्हय," तो म्हणाला, आणि दिवे लागेपर्यंत तिथंच बसून राहिला.

आत बोलावलं तेव्हा शिट्टी थांबली होती. ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले होते. तिनं मास्क जरा बाजूला केला.

"वास कसा नाही आला तुला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाक चोंदलेलं. आणि पस्तीस वर्षं तुमच्या सदऱ्याला, अंथरुणाला, भाकरीला तोच वास. वेगळा कळायचा कसा?" मग दम घेऊन म्हणाली, "खिडकीत भरलेली बाटली दिसली. म्हटलं, मला सर्दी झाली म्हणून न सांगता आणून ठेवलीसा."

मी तिचा मास्क पुन्हा नीट बसवला.

चार दिवसांनी ती घरी आली. रंगांचं सगळं सामान मी तोवर उघड्या कारखान्यात नेऊन ताडपत्रीखाली ठेवलं होतं. ती कारखान्याच्या दारापासून लांब, अंगणात खुर्ची टाकून बसली आणि तिथून हुकूम सोडला, "गावभर पाट्या रंगवल्यासा. आता बाटल्या रंगवा."

मी बारीक ब्रश घेतला. दुकानाच्या पाटीला काढतो तशी टपोरी, सावली दिलेली अक्षरं काढली. जवसाचं तेल. वार्निश. रॉकेल. नीलगिरीचं लेबल खरवडून तिथं लाल रंगात टर्पेंटाइन. एकेक बाटली उंच धरून तिला लांबून दाखवायची, ती वाचायची आणि मान हलवायची.

मधेच लेकीचा फोन आला. ट्रक ठरला होता, शनिवारचा. मी शाहूवाडीच्या म्हातारीकडं बघितलं. ती डोळ्यांवाचून ताडपत्रीखाली उभी होती.

"येतो गं, दोघं येतो," बायको फोनवर म्हणाली. श्वास अजून वाक्याच्या मधे थांबत होता. "ह्यांचं एक चित्र अर्धं राहिलंय. तुझ्या फ्लॅटला बाल्कनी हाय न्हवं? मग ऐक. तिचं दार घट्ट लागतंय का, ते आधी बघून सांग."