घेतलीस का?

दिवाळी सरली की बारामतीच्या आमच्या शाळेत फळ्याकडे तोंड करून निवांत लिहिता येत नाही. पाठीमागे चाळीस पोरं खोकत असतात. त्यांतली निम्मी नाकं गळकी आणि खिशात रुमाल एकाच्याही नाही. "हात धुवा रे, तोंडावर बाही धरा रे" हे मी इतक्यांदा म्हणते, की झोपेतही म्हणत असेन. त्या हिवाळ्यात मी दोनदा आजारी पडले, दोनदा उठले आणि दर रविवारी एसटीनं वरकुट्याला आईकडे जात राहिले. जायचा कंटाळा यायचा. तसं म्हणायची आता लाज वाटत नाही.

आईला दमा आहे. एरवी दबून असतो, पण सर्दी झाली की डोकं वर काढतो. त्यात ऊस तुटून गेला की शेजारच्या रानात पाचट पेटवतात आणि धूर थेट आमच्या पडवीत येतो. ताप आलाय, असं आई कधी म्हणत नाही. "जरा कसर हाय," एवढंच म्हणते. अंगाला हात लावला तर चटका बसावा, तरी तिच्या लेखी कसरच.

त्या वेळी ही कसर तीन दिवस उतरली नाही, म्हणून मी तिला इंदापूरला नेलं. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या. दम्यासाठी प्लॅस्टिकचं एक छोटं मशीन आणि त्यात घालून ओढायच्या कॅप्सूल दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकवलं तर ॲडमिट करावं लागेल, असं बजावलं. कसं वापरायचं तेही मलाच दाखवलं. मी मान हलवली.

घरी आलो तर शेजारच्या दोघी चौकशीला आलेल्या. मी मशीन हातात घेऊन म्हणाले, "आई, हे तोंडात धरायचं आणि जोरात ओढायचं."

आई उसळलीच. "ओढायचं? मी काय बिडी ओढती व्हय गं?"

बायका खदखदून हसल्या. आईनं पदर तोंडाला लावला. वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, जरा बरं बोला की माणसांत."

माझं डोकं ठणकत होतं, शेवटची एसटी गाठायची होती. म्हटलं, "बरं बाई, ओढू नको. घे. सकाळी एक घे, सांजच्याला एक घे. झालं?"

"आता कसं!" आई म्हणाली. मशीनमध्ये कॅप्सूल घालून दाखवायचं राहूनच गेलं.

मग रोज शाळा सुटली की माझा फोन. "घेतलीस का?"

"घेतली की."

रविवारी जाऊन कॅप्सूल मोजायची. बरोबर तेवढ्याच कमी झालेल्या असायच्या. हिशेब जुळला की मास्तरीण खूश. खोकला मात्र हटेना. मग मी दह्याला दोष दिला, पाचटाला दिला, गार पाण्याला दिला आणि काही कारण नसताना वहिनीलाही फाडफाड बोलले.

तिसऱ्या रविवारी पोचले तेव्हा आई गुडघ्यांवर हात रोवून वाकून बसली होती. खांदे वरखाली होत होते, एक वाक्य पुरं होत नव्हतं. ही आता जाते, असंच मला वाटलं. मी ओरडले, "मशीन कुठंय?"

वहिनीनं कपाटातून खोका आणला. मशीन वरच्या प्लॅस्टिकसकट जसंच्या तसं होतं.

"मग कॅप्सूल गं, आई?"

"तूच म्हनलीस... घे म्हून. रोज घेती की... कोमट पान्यासंगं."

मला हसू आलं नाही. कॅप्सूल आत घातली, मशीन तिच्या ओठांना लावलं आणि म्हणाले, "ओढ. बिडीसारखी ओढ." तेवढ्यातही तिनं आधी दाराकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना, आणि मग ओढली. आत कॅप्सूल फरफर फिरली. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. भावानं पिकअप काढली. इंदापूरला तिला दोन दिवस ठेवून घेतलं. ते दोन दिवस मी तिच्या उशाशी बसून स्वतःला शिव्या घातल्या. एक शब्द बदलला होता मी, तोही माझी सुटका व्हावी म्हणून.

तेव्हापासून 'घेतलीस का' विचारायचं सोडलं. आता संध्याकाळी फोन लावते, आई तो तोंडाजवळ धरून मशीन ओढते आणि मी ती फरफर कानांनी ऐकते. मगच ठेवते.

परवा माझाच घसा बसला होता. आईनं दोन शब्दांत ओळखलं.

"आवाज का असा तुजा?"

"काही नाही गं. जरा कसर आहे."

"वाफ घेतलीस का?"

"घेतली." खोटं होतं. शाळेतून येऊन मी आडवी झाले होते, उठायचं त्राण नव्हतं.

आई म्हणाली, "घेतली म्हनू नगंस. ऊठ, पानी ठिव गॅसवर. फोन बंद करू नगंस, मी हाय हितं."

मी उठले. पाण्याला आधण आलं तसा फोन ओट्यावर ठेवला, डोक्यावर टॉवेल घेतला आणि नाक भरून वाफ ओढली.

"आनि एकदा," आई म्हणाली. "मला ऐकू यिऊ दी."